मे महिन्यातली मोजणी

"सर, बुरा मत मानना, पण हे तर तुम्हीच निघालात," शालिनी म्हणाली आणि हसली. हसताहसता तिने हातातले चार कागद श्रीकांत पिंपळापुरेच्या टेबलावर पत्ते टाकावेत तसे एकेक करून टाकले. मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जवाहर चौकातले हॉर्न नेहमीसारखे आत येत होते. हिंदी मुलखातल्या राजधानीतल्या या राजकोषीय नीती अध्ययन केंद्रात या वेळी कुणी मोठ्याने हसत नाही. या वेळी सगळे स्क्रीनकडे बघत काल संध्याकाळी आपण कुठे थांबलो होतो ते आठवत असतात. शालिनीला इथे येऊन सहाच महिने झाले होते, तिला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे सोपं काम होतं. शुक्रवारी सरकारला जायच्या टिपणातला तक्ता चार-दोन घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याचा उगम तपासायचा. तक्ता सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सी-सेक्टरचा होता. रिकाम्या क्वार्टर्सची टक्केवारी, १९९३ साली ३१.४. "आपल्या टिपणात लिहिलंय, स्रोत विभागाची नोट," तिने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "विभागाची नोट बोलते, युनिव्हर्सिटीचा पेपर. पेपर बोलतो, समितीचा अहवाल. आणि समिती बोलते…" चौथा कागद एका करड्या पुठ्ठ्याच्या अहवालाची झेरॉक्स होता. खाली बारीक अक्षरात होतं: स्रोत, प्रत्यक्ष पाहणी, श्री. पिं. "दोन हजार पाचचा आकडा पण याच्यावरूनच काढलाय सर, वाढीचा दर लावून. पूरा खानदान तुमचंच आहे."

हो, मीच, असं म्हणायला श्रीकांतला थोडा वेळ लागला. म्हणजे तो म्हणाला लगेच, पण आवाज मागाहून आला. कधीकाळी आपण ज्याला फसवलं तो माणूस भर चौकात भेटावा आणि त्याने आपलाच हात प्रेमाने हातात घेऊन ओळखलंत का म्हणावं, तसा तो आकडा समोर उभा होता. पंचवीस वर्षांत धष्टपुष्ट झालेला, चांगल्या घरांतून राहून आलेला. नुसता एकतीस असता तर कुणी तरी शंका घेतली असती. त्या पॉइंट चारने त्याची अब्रू राखली होती. "चहा घेतेस?" त्याने विचारलं. "म्हणजे ठीक आहे ना सर? मी टिक करून टाकू?" "थांब जरा." "क्यों? तुम्ही स्वतः मोजलंय. याच्यावर सोर्स काय पाहिजे?" तिचा प्रश्न बरोबर होता. केंद्रात हीच तर शिकवण होती. कागदावरून घेतलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पायांनी जाऊन आणलेल्यावर ठेवा. नव्या मुलांना तो स्वतःच हे सांगायचा आणि सांगताना करड्या पुठ्ठ्याच्या त्या अहवालाचं उदाहरण द्यायचा. तीनशेबारा दारं, म्हणायचा, एकेका दाराशी जाऊन उभा राहिलोय मी.

उभा राहिला होता, त्यात खोटं काही नव्हतं. मे महिना, सकाळी सातपासून साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, कारण मधल्या वेळात डांबराला चपला चिकटायच्या. त्या दिवसांची आठवण आली की त्याला आधी उजव्या खांद्यावरचा पट्टा आठवायचा, वह्यांच्या पिशवीचा. त्याखाली घामोळं उठलं होतं. मग दारांचा हिरवा रंग, सगळ्या सेक्टरला एकच. आणि सेक्टरभर पसरलेली ती शांतता. ती त्याला लहानपणापासून ओळखीची होती. टाउनशिपमध्ये वर्षातून एकदा अशी शांतता यायची. शाळेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा दिसायच्या, होल्डॉल, पत्र्याच्या पेट्या, फिरकीचे तांबे. नागपूर, अमरावती, पालघाट, आरा, बर्दवान. इथला कुणीच इथला नव्हता. प्रत्येकाचं गाव कुठे तरी लांब होतं आणि मे महिन्यात जो तो आपापल्या गावी असायचा. मागे राहायचे ते पाळीवर असलेले पुरुष. तेही दोन-तीन जण एका क्वार्टरमध्ये जमून डाळ-भात शिजवायचे, म्हणजे त्यांचीही घरं बंदच. श्रीकांतची आई जायच्या आधी तुळशीची कुंडी शेजारी ठेवून यायची, कुणी तरी आपली तिच्याकडे ठेवून जायचं, मे महिन्यात तुळशीसुद्धा परगावी असायच्या. हे सगळं त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षांचा होता तो, त्यातली बावीस याच सेक्टरमध्ये गेलेली. एखाद्या परक्या माणसाने ही मोजणी केली असती तर चूक म्हणता आलं असतं. त्याच्या बाबतीत कोणता शब्द वापरावा ते त्याला आज अकरा वाजेपर्यंत ठरवावं लागलं नव्हतं.

फॉर्ममध्ये तीन चौकोन होते. वास्तव्य, रिक्त, अन्य. अन्य म्हणजे दुकान, युनियनचं ऑफिस, असलं काही. तिसऱ्या दिवशी तो तेव्हाच्या संचालकांकडे गेला होता. त्या काळचे संचालक रुंद, झोपाळू गृहस्थ होते, पंख्याखाली बसून संत्रं सोलायचे. सर, कुलूप खूप दारांना आहे, पण लोक गावाला गेलेत, जूनमध्ये येतील. संचालकांनी एक फोड तोंडात टाकली. "पिंपलापुरे जी, आप वहीं के हैं ना?" एवढंच म्हणाले. आवाजात टोमणासुद्धा नव्हता. पण श्रीकांतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आप वहीं के हैं. म्हणजे टाउनशिपचा पोरगा टाउनशिपला वाचवतोय. अहवाल एकतीस मेच्या आत द्यायचा होता, ज्या समितीसाठी ही मोजणी होती तीच जूनमध्ये उरणार नव्हती. "ताला है तो रिक्त लिखिए. भावना से नहीं, फॉर्मेट से चलिए." त्या क्षणापासून तो इतका निःपक्षपाती झाला की चौथ्या दिवशी सी-दोनशेचौदासमोर उभं राहून त्याने स्वतःच्या आईवडिलांच्या घराच्या चौकोनात रिक्त लिहिलं. ते दोघं मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेले होते, मुंजही त्यालाच जोडून होती. किल्ली त्याच्या खिशात होती. लिहून झाल्यावर कुलूप काढून तो आत गेला, माठात पाणी नव्हतं म्हणून नळाखाली तोंड धरून प्यायला, बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावलं आणि सी-दोनशेपंधराकडे गेला. बाबा तिथे तीस वर्षं राहत होते. नंतर कित्येक वर्षं ही गोष्ट तो स्वतःला सांगायचा तेव्हा ती करारीपणाची गोष्ट असायची. स्वतःच्या घराचीही गय केली नाही.

संध्याकाळी मिसरोदच्या फ्लॅटमध्ये मालती गुडघ्यांना शेक देत टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसली होती. त्याने सांगितलं, तसं सांगायचं ठरवलं नव्हतं. तिने पिशवीतलं पाणी हलवून पाहिलं. "म्हणजे तो मे का?" ती म्हणाली. "कोणता?" "आपल्या लग्नानंतरचा पहिला. मला माहेरी नेलं नव्हतं तुम्ही. म्हणे मोजणी आहे, देशाचं काम आहे." "देशाचं म्हटलं होतं मी?" "राज्याचं म्हटलं असेल. मी रडले होते, एवढं आठवतंय." तिने पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "अहो, मग सांगून टाका की, मे होता म्हणून. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं हे तिला समजावून सांगता आलं असतं. पुढच्या जूनमध्ये त्याला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, दोन वर्षांच्या मुदतवाढीची फाइल आताचे संचालक सक्सेना यांच्या टेबलावर होती, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन केंद्राच्या वैद्यकीय सवलतीत बसवायचं होतं. पण खरं कारण हे नव्हतं. खरं कारण असं की, मे होता हे एकदा म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं, आणि त्याच्या पुढचं, आणि ती वाक्यं त्याला दुपारपासून येतच होती. पंच्याण्णव: सी-सेक्टरच्या दवाखान्यातलं दुसऱ्या डॉक्टरचं पद रद्द, वस्ती घटल्यामुळे. सत्त्याण्णव: छतांना डांबर लावायचं काम सी-सेक्टरपुरतं स्थगित, कारण तेच. दोन हजार: सकाळची बस बंद. शाळेचे पाचवीपासूनचे वर्गही. तेव्हा हे हुकूम वर्तमानपत्रात आतल्या पानांवर यायचे आणि तो ते वाचायचा, बाबा फोनवर सांगायचे तेही ऐकायचा. एकच डॉक्टर उरला म्हणून आई सहाला जाऊन रांगेत चप्पल ठेवून यायची, त्याची थट्टाही करायचा. हे सगळं वेगवेगळ्या कारणांनी होतंय असं त्याला वाटायचं. सगळ्यांनाच वाटत असेल. आकडा एकटाच सगळीकडे हजर होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो सक्सेनांच्या खोलीत गेला. सक्सेना त्याच्याहून सात वर्षांनी लहान, अलाहाबादकडचे, इतके सभ्य की त्यांच्यावर चिडायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच फोन आला तो उलटा ठेवला. "तो पुराना आँकड़ा कमज़ोर है," ते म्हणाले. "कमज़ोर नहीं सर. ग़लत है." "आप आज क्यों नहीं गिन लेते? दो दिन हैं. शालिनी को ले जाइए. नवंबर में तो सब घर पर होते हैं." त्यात काहीच गैर नव्हतं. खोलीबाहेर येताना श्रीकांतला हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची त्याला शंका आली. आपण पुन्हा मोजू, घरं भरलेली निघतील, तक्ता कोसळेल, टिपण थांबेल, सेक्टर वाचेल. टिपणात शिफारस होती की सी-सेक्टरच्या दवाखान्याचं आणि शाळेचं अनुदान येत्या मार्चपासून थांबवावं, उरलेली कुटुंबं हलवून जमीन परत घ्यावी. एका मोजणीने ते सुरू झालं होतं, एका मोजणीने थांबेल. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने असा विचार करू नये, पण त्याने केला, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांवरून ऑटो जाईपर्यंत केला. शालिनी शेजारी बसून केसांवरून ओढणी घट्ट गुंडाळत होती. "सर, चौथा चौकोन बनवला मी. बंद, पण राहतात. पडोसी से पूछकर भरायचा. बरोबर?" "बरोबर," तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. चौकोन काढायला पट्टी आणि पेन्सिल लागते.

त्या दोन दिवसांत त्याने प्रत्येक दार वाजवलं, उघडलं नाही तर शेजारचं वाजवलं, तेही उघडलं नाही तर मीटरचं चक्र फिरतंय का बघितलं, दोरीवर कपडे आहेत का बघितलं. हिरवा रंग कुठे कुठे शिल्लक होता. पहिल्या ओळीत भरलेली घरं लागली आणि त्याला बरं वाटलं. एकाने मागच्या अंगणात पत्र्याची शेड काढून शिकवणी चालवली होती, एका बाईने दाराला केळवण असल्यासारखं तोरण लावलं होतं आणि ते कशाचं विचारल्यावर ती म्हणाली, कशाचं नाही, आवडतं. मग दुसरी ओळ. दारं होती, दारांना कुलपं नव्हती, कारण आत चोरून नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. छतातून पावसाळे उतरले होते. एका स्वयंपाकघरात ओट्यावर पिंपळ उगवला होता, कमरेएवढा. शालिनी पहिल्यांदा मोठ्याने आकडे म्हणत होती, मग नुसती खूण करायला लागली. गुरुवारी दुपारी तिसऱ्या ओळीच्या टोकाला कठड्यावर बसून तिने बेरीज केली, मग पुन्हा केली. तीनशेबारापैकी एकशेएकेचाळीस रिकामी. पंचेचाळीस पॉइंट दोन. "सर," ती म्हणाली, "मग तर टिपण बरोबरच आहे. उल्टा कमीच लिहिलंय आपण." तिच्या आवाजात सुटल्याचा सूर होता, त्याच्यासाठीच. त्याने पाणी मागितलं. तिने बाटली दिली. खरं होतं. आता ते खरं होतं. खोटं लिहिलं होतं ते पंचवीस वर्षं हळूहळू, हुकमाहुकमाने, एकेक डॉक्टर, एकेक बस करत खरं झालं होतं आणि आता त्याला हात लावायला जागा नव्हती. कुणी तरी आपल्याला खोटं ठरवावं अशी इच्छा माणसाला आयुष्यात किती वेळा होते?

सी-दोनशेनऊमध्ये सुमित्राकाकू होत्या. आईच्या समोरच्या, वय एक्क्याऐंशी, मुलगा हेमंत कारखान्यात. त्यांनी दार उघडलं आणि श्रीकांतकडे न बघता आधी शालिनीला विचारलं, "तू कुणाची गं?" "खोतांची, काकू. पिपळानीच्या." "अगं बाई, म्हणजे मनोरमेची नात. बस बस. आणि हा कोण, श्रीकांत? म्हातारा दिसायला लागलास की रे. मालतीला सांग खायला घालायला." मग चहा, मग शेव. हेमंतने मिसरोदला फ्लॅट बघितला आहे, पाचव्या मजल्यावर. "तिथे मी काय करू? लिफ्टमध्ये जीव घुसमटतो माझा. इथे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मी माझी चालत जाते. कुणाला चल म्हणावं लागत नाही." त्यांनी पदर सावरला. "दवाखाना बंद करणार म्हणे." "कोण म्हणालं?" "हेमंतच सांगत होता. कारखान्यात बोलतात. तुमच्याच त्या ऑफिसातून कागद जाणार आहे म्हणे. खरं का रे?" शालिनीने शेवेची बशी खाली ठेवली. श्रीकांतने कप दोन्ही हातांत धरला होता, चहा संपलेला होता.

"काकू, त्र्याण्णवच्या मे महिन्यात मी इथे मोजणीला आलो होतो."

"आला होतास ना. आम्ही नागपूरला होतो. पंधरा जूनला आलो तर शेजारची शशिकला म्हणाली, पिंपळापुऱ्यांचा श्रीकांत वही घेऊन आला होता, कुलूप बघून गेला. मी म्हटलं, आपल्याकडेच आला असेल, नवी नवरी घेऊन. येईल पुन्हा."

"मी कुलूप बघून घर रिकामं लिहिलं, काकू. कुलूप दिसलं त्या सगळ्यांचीच लिहिली. त्याच्यावरून पुढे सगळं झालं, डॉक्टर गेला, छतं…"

काकू त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. कळलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला नाही. "संत्र्याची बर्फी आणली होती मी," त्या म्हणाल्या. "मालतीला आवडते ना. ठेवली होती तीन-चार दिवस, येशील म्हणून."

"मग?"

"मग काय, हेमंतने खाल्ली."

शालिनीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. काकूही हसल्या. श्रीकांत हसला नाही. रिकामं लिहिल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलंच नव्हतं, किंवा घेतलं असेल आणि दुसऱ्या कुठल्या तरी डब्यात ठेवलं असेल. तो परत आला नाही एवढं मात्र पंचवीस वर्षं त्यांच्या लक्षात होतं. जूनमध्ये एक दिवस. ऑटोने वीस मिनिटं. समिती नसती, अहवाल गेलेला असता, तरी एक दिवस यायचं, दारं उघडी आहेत का बघायचं आणि केंद्राच्या फायलीत एक कागद लावून ठेवायचा. कुणी अडवलं नव्हतं. तो जूनमध्ये काय करत होता? बरंच आठवून पाहिलं. जूनमध्ये केंद्राने त्याला कायम केलं होतं, आणि तो मालतीला घेऊन पचमढीला गेला होता.

शुक्रवारी दुपारी तीनला सक्सेनांच्या खोलीत टिपणाच्या सात प्रती एकावर एक ठेवलेल्या होत्या, अजून छपाईच्या उबेच्या. तक्ता चार-दोन आता एका ओळीचा झाला होता. जुन्या दोन्ही ओळी गेल्या होत्या. नवी: २०१८, ४५.२, स्रोत, प्रत्यक्ष पाहणी. केंद्राचा नियम होता की जी मोजणी केंद्राने स्वतः केली त्या तक्त्याखाली मोजणाऱ्याची शाईची सही प्रत्येक प्रतीवर हवी. "पुराना आँकड़ा हटा दिया," सक्सेना म्हणाले. "अब जो है, आपका है और सही है. इससे साफ़ काम क्या होगा?" श्रीकांत म्हणाला, त्र्याण्णवची ओळ राहू द्या, आणि खाली एक टीप द्या. "क्या टीप?" त्याने सांगितलं. ही घरं आपण रिकामी मोजली नाहीत, आपण ती केली. सक्सेनांनी ते खरोखर विचारात घेतलं, म्हणजे चष्मा काढला. "पिंपलापुरे जी, यह वाक्य तालिका में बैठेगा कहाँ? किस कॉलम में?" त्याने स्वतः शेकडो मुलांना हेच विचारलं होतं. "आप थके हुए हैं," सक्सेना हळू म्हणाले. "दो दिन धूप में घूमे हैं. आपकी एक्सटेंशन वाली फ़ाइल मैं सोमवार को बढ़ा रहा हूँ, चिंता न करें. साइन का ऐसा है, शालिनी भी तो गिनती में थी. वही कर दे." आणि ते उठले, चारला मंत्रालयात बैठक होती, हिवाळी कोट त्यांनी हातावर टाकला.

शालिनीने पेनचं टोपण काढलं सुद्धा होतं. त्याला तिचा अंगठा दिसला, त्यावर कालची पेन्सिल होती. तिला काय वाटत असेल ते त्याला नेमकं माहीत होतं: आपल्यावर विश्वास टाकला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या असतील, त्र्याण्णवात त्याच्या तापल्या होत्या तशा. अजून वीस-पंचवीस वर्षांनी सेक्टरच्या जागेवर जे काही उभं असेल त्याबद्दल कुणी तरी विचारेल, आणि कागदांच्या रांगेत शेवटी शा. खो. असं बारीक अक्षरात असेल. "दे इकडे," तो म्हणाला. "सर, मी करते ना. त्यात काय?" "मी करतो. तू चहा सांग." ती गेली नाही, खुर्ची ओढून समोर बसली. दारात मनोहर उभा होता, डाक नेणारा, गेली तीस वर्षं हाच. "साहब, जल्दी कीजिए. पाँच के बाद वहाँ कुत्ता भी काग़ज़ नहीं सूँघता." पावणेचार झाले होते. श्रीकांतने पहिल्या प्रतीवर सही केली आणि हात न उचलता खाली लिहीत गेला. शेरा हिंदीत लिहायची पद्धत होती.

पहिल्या प्रतीवर: सन् 1993 की गणना में जो 31.4 प्रतिशत आवास रिक्त दर्शाये गये थे, वे वस्तुतः रिक्त नहीं थे. गणना मई माह में की गयी थी, जब ये परिवार अपने मूल स्थान गये हुए थे. उसी आँकड़े के आधार पर चिकित्सक का पद, छतों की मरम्मत तथा बस सेवा समाप्त हुई, जिससे कालांतर में आवास सचमुच रिक्त होते गये. वर्तमान 45.2 को उसी का परिणाम मानकर पढ़ा जाये. दोनों गणनाएँ मेरी हैं.

"साहब, उपन्यास लिख रहे हैं क्या?" मनोहर म्हणाला. दुसऱ्या प्रतीवर वस्तुतः आणि कालांतर गळाले. जागाही कमी होती आणि मधल्या बोटाला कळ लागली होती. तिसऱ्या प्रतीवर: 1993 में घर खाली नहीं थे, बंद थे. मई था. उसी आँकड़े से डॉक्टर गया, मरम्मत रुकी, फिर घर खाली हुए. गिनती मेरी थी. शालिनी उलटं वाचत होती, ओठ हलवत. चौथीवर: घर बंद थे, खाली नहीं. गिनती मेरी थी, ग़लत थी. त्याला आता घाई नव्हती, पण वाक्यांना होती. पाचवीवर: घर बंद थे. मैंने खाली लिखा. मुदतवाढीची फाइल टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होती, निळी, तिच्यावर सक्सेनांचा पेपरवेट. सोमवारी ती पुढे जाणार नव्हती आणि मालतीला हे आज रात्री सांगावं लागेल, आणि ती म्हणेल, म्हणजे शेवटी सांगितलंत. शिफारस तशीच होती, एक अक्षर बदललं नव्हतं, सही त्याचीच होती आणि आकडा खरा होता. कुणी तरी तिथे हे वाचेल, किंवा नाही वाचणार. सहावीवर फक्त: मैंने खाली लिखा.

सातवी प्रत त्याने पुढे ओढली. मनोहरने सुतळी दातात धरली होती. मग त्याने लिहिलं, आणि लिहून झाल्यावरच त्याला दिसलं की हे मराठीत उतरलं आहे: लोक गावाला गेले होते. जूनमध्ये परत आले. मी परत गेलो नाही.

"ये कौन-सी भाषा हो गयी," मनोहर म्हणाला. "चलो, वहाँ कोई मराठा अफ़सर होगा तो पढ़ लेगा."

"सातवी तिथे नाही जात," शालिनी म्हणाली. "सहा जातात. सातवी आपल्याकडे राहते, रेकॉर्डला." तिने प्रत ओढून घेतली आणि शाई ओली होती म्हणून ती बंद केली नाही. मनोहर सहा प्रती बगलेत मारून जिना उतरला. त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला, मग चौकात मिसळला. श्रीकांत बोटं उघडत-मिटत बसला होता. समोर शालिनी ते पान वाऱ्याला धरून उभी होती. शाई वाळायला दोन मिनिटं पुरली असती, ती बराच वेळ उभी राहिली.